हिंदुराव सरकारांच्या बर्फगाडीचा टप उतरविल्याची हकीकत

श्री. चुलीस नमन, ऐरणीस नमन, कुलस्वामिनीस त्रिवार नमन, आणि आई बोलत असता जो पुत्र तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतो तो या भूमंडळी कोठे वास करून असल्यास त्यासही येथूनच नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमीस या हकीकतीचा आरंभ. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा पुढे आईसाहेबांच्या जिभेस धार दिसेल तीस कोणी नावे ठेवू नयेत.

ऐसियास, चिरंजीव सर्जेराव यांची वर्तणूक म्हणावी तर ती ऐसी की, घरात यावे ते काळ्या हातांनी, आणि माठात तांब्या बुडवावा तो त्याच हातांनी, आणि आईसाहेबांनी ‘काय चाललंय’ म्हणोन पुसले तर उत्तर द्यावे, ‘हूं’. हे ‘हूं’ होकार की नकार की नुसता वारा, हे आजवर कोणास उलगडले नाही. जेवावयास हाक मारिली की ‘आलो’ म्हणावे आणि येऊ नये, मग पुन्हा हाक मारिली की ‘आलो म्हटलं की’ म्हणोन उलट डाफरावे, आणि मग भाकरी वातड होऊन गेल्यावर यावे, आणि यावे ते मोबाइलात तोंड घालून. आणि त्या मोबाइलात पाहावे तर कोण्या परमुलुखीचे लोक, अंगभर गोंदलेले, जुन्या गाड्यांची कवटी उतरवून, उघड्या इंजिनानिशी त्यांस पळवीत आहेत. वय वर्षे चौतीस, लग्नास वर्षे आठ, दिवसा ट्रॉल्यांच्या शेडात वेल्डिंगची चाकरी, आणि संध्याकाळी हे दर्शन. आईसाहेब म्हणत, ‘बापाला बोलायचा कंटाळा न्हवता, मला तर न्हाईच न्हाई, मग ह्यो मुका कुणाच्या वळणावर गेला?’ परंतु पुसावयाचे ते कोणी कोणास पुसावयाचे नाही, ही या घराण्याची चाल खुद्द आईसाहेबांपासूनच होती, हे त्यांस सांगावयाची छाती कोणाची नव्हती.

राज्य म्हणावे तर फार थोर नव्हे. पूर्वेस कालव्याची वाट, पश्चिमेस उसाचा फड, दक्षिणेस चार खणांचे घर, मध्ये अंगण, अंगणाच्या कडेस पत्र्याची शेड, आणि सडकेकडे लोखंडी फाटक, तीच वेस. हे राज्य कैलासवासी थोरले सरकार हिंदुराव यांनी बर्फावर उभे केले. इतर राजे दगडावर किल्ले बांधितात. सरकारांनी जे बांधिले ते दुपारपावेतो वितळून जात असे आणि दुसरे दिवशी पहाटे पुन्हा बांधावे लागत असे. हाती शस्त्र म्हणावे तर एक जुनी पिकअप गाडी. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या भराव्या, वर भुसा टाकावा, उन्हापासून जपणूक म्हणोन मागील हौद्यावर पत्र्याचा टप करविला होता तो ओढून घ्यावा, आणि मासळीवाले, सरबतवाले, लग्नाचे मांडव असा मुलूख पालथा घालावा. आणि सरकारांचे डावे अंगास खासा आईसाहेब हौसाबाई बसत. भाव ठरविणे, दटावणे, आणि वाटेत कोणाची म्हैस आडवी आल्यास तिच्या धन्याचा उद्धार करणे, ही कामे त्यांजकडे. त्यांची जागा सरकारांनी खाली फळी ठोकून, वर कापसाची गादी शिवून चार बोटे उंच करविली होती, कारण आईसाहेबांची ताकीद ऐसी की, ‘मला रस्ता दिसला पायजे, आणि रस्त्याला मी दिसले पायजे.’ सव्वीस वर्षे त्या जागेवरून आईसाहेबांनी पेठ पाहिली आणि पेठेने आईसाहेबांस पाहिले, मान ताठ, अंबाडा केबिनीच्या छतास टेकेल न टेकेल असा.

मग चार वर्षांमागे सरकार देवाघरी गेले आणि गाडी शेडात उभी राहिली ती राहिलीच. आणि आईसाहेबांनी तेराव्याच्या दिवशी बोलून टाकिले की, मी त्यांच्या गाडीतून ह्या वेशीबाहेर पडत आले, आता परक्याच्या गाडीत पाय ठेवणे नाही. लोकांस वाटले, दुःखाचे बोलणे, निवेल. ते निवले नाही. दारी रिक्षा आली, परत गेली. भाच्याने मोटार आणिली, भाचा चहा पिऊन गेला. चार वर्षांत आईसाहेबांनी फाटकाबाहेर पाऊल टाकिले नाही, आणि प्रथम लोक म्हणाले काय बाई आहे, आणि मग लोक म्हणाले काय हट्ट आहे, आणि मग लोक काहीच म्हणेनासे जाहले. हे तिसरे आईसाहेबांस सर्वांत लागले.

आता गोष्ट अशी की, नदीपलीकडे सात कोसांवर आईसाहेबांची थोरली बहीण ताराक्का म्हणोन होती. लहानपणी आई गेल्यावर हिनेच हौसाबाईंची वेणी घातली, हिनेच चार चापट्या दिल्या, हिनेच लग्नात पाठवणी केली. ती दसऱ्यापासून अंथरुणास खिळली, आणि सूनबाईंच्या मोबाइलावर तिचे बोलावणे येऊ लागले. ‘हौसा, येतीस न्हवं?’ आईसाहेब म्हणत, ‘येते की, आक्का.’ ‘कवा?’ ‘ह्यांची गाडी चालू झाली की.’ मग पलीकडून धाप ऐकू येई, आणि धापेतून हसू. ‘गाडी काय म्हातारी हाय व्हय गं माझ्यावानी, उठायला इतकी येळ लावती ती?’ त्यावर आईसाहेबही हसत, आणि मोबाइल सूनबाईंच्या हाती देऊन परसात जात, आणि तेथे बराच वेळ काम नसता उभ्या राहत.

ऐशा समयी, वर लिहिल्या पंचमीस, सर्जेराव हात न धुता ओट्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘आई, बाबांची गाडी उठवतो.’ आठ वर्षांत चिरंजीवांच्या तोंडून सबंध वाक्य हे पहिलेच. आईसाहेबांच्या काळजात दिवा लागला, परंतु तो कोणास दिसू नये म्हणोन त्या म्हणाल्या, ‘उठव. पर तुझ्या हातानं ती उठंल का बसंल?’ सर्जेराव म्हणाले, ‘हूं’, आणि गेले. त्याच संध्याकाळी आईसाहेबांनी पेटीतून इरकली लुगडे काढून उन्हास घालावे म्हणोन सूनबाईंस सांगितले. सूनबाई म्हणाल्या, ‘आत्याबाई, ऊन गेलं.’ आईसाहेब म्हणाल्या, ‘मग उद्याच्या उन्हात घाल, एवढंबी इचारूनच करतीस व्हय?’

मोहिमेचा सेनापती म्हणोन दस्तगीर मिस्त्री यांस बोलावणे गेले. हे सरकारांचे जुने सोबती. गाडीचे पहिले दुखणे यांनीच काढिले होते आणि शेवटचेही यांनीच. खजिना रिता, सबब मोहीम भंगाराच्या मुलुखावर काढावी असे मसलतीत ठरले. मग मोडीत निघालेल्या जीपचा मागील आस आणिला, आणि ट्रॅक्टरचे दोन दिवे आणिले, आणि मागे टेम्पोची रुंद चाके व पुढे बारकी चाके लाविली, जेणेकरून गाडी पळण्याआधीच वाकून मुजरा करिते आहे ऐसी दिसे. बोअरच्या नळीचे तुकडे जोडून धूर सोडावयाची दोन नळकांडी दोन्ही अंगांस काढिली. बॉनेट काढून टाकिले, इंजिन उघडे ठेविले. आणि भंगारात जे मिळेना त्यासाठी स्वारी स्वयंपाकघरावर आली, आणि पितळी चाळण गेली ती इंजिनाच्या हवेच्या तोंडावर बसली, आणि शिसवी लाटणे गेले ते कापून गिअरचा दांडा जाहले. सूनबाई दारात येऊन म्हणाल्या, ‘आत्याबाई, चपात्या आता कशानं लाटू?’ आईसाहेब म्हणाल्या, ‘गिअर टाकून लाट.’ परंतु बोलताना त्या रागावल्या नव्हत्या, हे सूनबाईंनी जाणिले. राज्यास पुन्हा चाके येत होती. लाटण्याचे ते काय.

एके दिवशी आईसाहेबांनी सूनबाईंस आडून पुसले, ‘ह्याला त्यो काय म्हणतो गं, गाडीला?’ सूनबाई म्हणाल्या, ‘हॉट रॉड म्हणत्यात.’ ‘म्हंजे?’ ‘हॉट म्हंजे तापल्याला, रॉड म्हंजे गज.’ आईसाहेब म्हणाल्या, ‘तापल्याला गज! अगं, बर्फाची गाडी ती. तिला तापल्याला गज म्हणतोय, बाप वर बसून कपाळ बडवत आसंल.’ आणि पुढे पुसले नाही. पुढे पुसते तर सूनबाई मोबाइल दाखविती, आणि मोबाइल पाहत्या तर ते बसके, चपटे, जमिनीशी लगट करून पळणारे गाडे दृष्टीस पडते, आणि पुढील अनर्थ टळता. परंतु पुसणे म्हणजे ठाऊक नाही असे कबूल करणे, आणि ते या राज्यात कधी जाहले नव्हते.

आता मुख्य प्रसंग. मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, दुपारचा समय. आईसाहेब ओट्यावर बसून सुपात जोंधळे पाखडीत होत्या, शेडात यंत्र घरघरत होते. इतक्यात घरघर थांबली आणि आतून सर्जेरावांनी हाक देऊन पुसले, ‘आई, टप उतरवू का?’ येथे वाचणाराने ध्यानी घ्यावे की, टप हा शब्द एक आणि वस्तू दोन. ट्रॉल्यांच्या शेडात ज्यांची हयात जाते ते गाडीच्या केबिनीवरील छतास टप म्हणतात, आणि खांब मधोमध कापून छत खाली आणणे यास म्हणतात टप उतरविणे. परंतु आईसाहेबांच्या राज्यात टप म्हणोन एकच होता: हौद्यावरचा, पत्र्याचा, बर्फास सावली धरणारा, जो चार वर्षांत गंजून जाळी जाहला होता. तेव्हा आईसाहेबांनी सुपावरील नजर न काढिता उत्तर केले, ‘उतरव की! चार वर्सं त्येच म्हणतीया मी. त्यात मांजरं व्याली, आता वाघ व्यायची वाट बघतोस?’ सर्जेराव म्हणाले, ‘किती उतरवू?’ सूप क्षणभर थांबले. टप तो टप, तो किती कसा उतरवावा, हे आईसाहेबांस उमगेना. त्यांनी मान वर करून ‘किती म्हणजे काय रे बाळा’ इतके म्हणावयाचे होते. त्या म्हणाल्या, ‘किती म्हंजे? उतरवायचा म्हंजे उतरवायचा.’ ‘सात इंच बास हुईल न्हवं?’ ‘सात काय नि सतरा काय! बाईमाणसाला इंच इचारतोस, मग मिस्त्री कशाला ठेवलाय?’ ‘मागनं बोलू नगंस मग.’ ‘मी मागनं बोलत न्हाई, मी तोंडावर बोलते. उतरव!’ आणि सूप पुन्हा चालू जाहले.

तेच दुपारी दोघांनी हौदा मोकळा करण्याकरिता तो गंजका पत्र्याचा टप बाहेर आणून कुंपणास टेकविला. आईसाहेबांनी तो पाहिला आणि मनी म्हणाल्या, पोराने एक हुकूम तरी वेळेवर बजाविला. मग दस्तगीर मिस्त्री हात पुशीत ओट्याशी आले. यांस कापण्याआधी दहा वेळा मापण्याची सवय. म्हणाले, ‘वैनी, कापायच्या आधी एक डाव आत येऊन बसून बघता का? तुमचं माप घेतो.’ आईसाहेब म्हणाल्या, ‘माझं माप? मी काय झंपर शिवायला टाकलाय व्हय, दस्तगीर?’ मिस्त्री भले गृहस्थ. शरमले, खाली पाहिले, आणि परत गेले. त्यांनी सर्जेरावांस सांगितले, ‘वैनी न्हाई म्हणत्यात.’ सर्जेराव म्हणाले, ‘तिला सगळं ठावं हाय. सतरा इंच बी चालंल म्हणाली ती.’ आणि सूनबाईंनी पुढे सांगितले ते ऐसे की, त्या दिवशी चिरंजीव जेवावयास पहिल्या हाकेस आले, हात धुऊन आले, आणि ताटावर बसून म्हणाले, ‘आईला माझं काम पसंत पडलं बघ.’ हे वाक्य त्यांनी आईसाहेबांसमोर म्हटले असते तर! परंतु आईसाहेब तेव्हा परसात होत्या, आणि चिरंजीवांनी ते पुन्हा म्हटले नाही.

मग तीन दिवस शेडातून कापण्याचा आवाज आला, दातांस आंब चढेल ऐसा. मग दारावर ताडपत्री पडली आणि गाडी पुरती तयार जाहल्याखेरीज कोणी पाहू नये असा हुकूम निघाला. आईसाहेबही आत गेल्या नाहीत. बोलावण्याविना पुत्राच्या कारखान्यात जाणे त्यांच्या मानास शोभेना. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. ताराक्कांचे बोलावणे येतच होते, परंतु आता ते आखूड जाहले. ‘झाली का गं?’ ‘रंग राहिलाय, आक्का.’ आठ दिवसांनी, ‘झाली का?’ ‘काचा बसवायच्या हाईत.’ एके दिवशी पलीकडून आवाज आला तो ऐसा बारीक की सूनबाईंस मोबाइल आईसाहेबांच्या कानात खुपसावा लागला. ‘हौसा, रिक्षानं ये. बैलगाडीनं ये. तुला मिरवत न्हाई यायचं, मला नुसतं बघायचं हाय.’ आईसाहेब म्हणाल्या, ‘आलेच बघ. चार दिवसांत येते.’ तितक्यात सूनबाई म्हणाल्या, ‘आत्याबाई, मी रिक्षा बोलावू? आत्ता येती दारात.’ आईसाहेबांनी फाटकाकडे पाहिले. फाटक ते ओटा, पावले तीस. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, ‘चार वर्सं न्हाई बसले, आणि आता चार दिवसांसाठी बसू?’ ही चूक त्यांनी केली हे लिहिताना हात जड होतो, परंतु लिहिणे प्राप्त.

माघ शुद्ध द्वादशी, सकाळी दहा घटिका. ताडपत्री निघाली. गाडी शेडातून बाहेर आली ती आवाजानेच आधी आली. दोन नळकांडी धडाडली, कुत्री उसात पळाली, कावळे उडाले, पलीकडील घरातील माणसे कौलांस काय जाहले म्हणोन बाहेर आली. मग गाडी दिसली. काळी कुळकुळीत, चकाकी नसलेली, जात्यासारखी. इंजिन उघडे, त्यावर पितळी चाळण झळकते, पुढून खाली मागून वर, आणि केबिन ऐसी चपटी की काचा म्हणजे दोन अरुंद फटी. खरे ते सांगावे: रूप होते. दस्तगीर मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होते. सर्जेराव उतरले, आणि चमत्कार हा की त्यांचे हात कोपरापावेतो स्वच्छ होते, नखे देखील घासलेली. त्यांनी डावे दार उघडून धरिले आणि म्हणाले, ‘बस, आई. फळी तीच ठेवलीया. गादीबी तीच.’

आईसाहेब इरकली लुगडे नेसून, डोईवर पदर घेऊन, हातात ताराक्कांसाठी सांज्याच्या पोळ्यांचा डबा घेऊन तयारच होत्या. त्या पुढे आल्या, आणि एक पाय आत घातला, आणि अंग आत घेऊ लागल्या, आणि अंबाडा पत्र्यास खटकन लागला. त्यांस वाटले, अंदाज चुकला. पुन्हा केले. पुन्हा लागला. मग त्या मान वळवून, खांदा आधी घालून बसल्या, आणि बसल्या तेव्हा हनुवटी छातीस लागली, आणि काचेची फट कपाळाच्या वर कोठेशी राहिली, आणि समोर काय दिसते म्हणावे तर आपलेच गुडघे. अंगणात इंजिन तेवढे गुरगुरत होते. मग आईसाहेब आतून म्हणाल्या, ‘सर्जा, हे काय रं?’

‘टप उतरवलाय, आई. सात इंच.’

‘कुणाला इचारून?’

‘तुलाच की. उतरव म्हणालीस. सात काय नि सतरा काय म्हणालीस.’

‘मी हौद्याच्या टपाला म्हणाले.’

‘मी केबिनीचा इचारला.’

येथे उभयतांचे बोलणे संपले, कारण उभयतांचे बोलणे खरे होते. आईसाहेब बाहेर आल्या, पदर सावरला, आणि मिस्त्रींस म्हणाल्या, ‘दस्तगीर, पुन्यांदा वर घ्या.’ मिस्त्री म्हणाले, ‘वैनी, खांबाचे तुकडे कवाच भंगारात जाऊन वितळले. काचाबी कापून घेतल्या. लोखंड आखूड करता येतं मला, लांब करता येत न्हाई.’ सर्जेराव म्हणाले, ‘फळी काढतो. गादी काढतो. खाली बसलीस की मान वर ऱ्हाईल.’ आईसाहेब म्हणाल्या, ‘माझे गुडघे वाकत्यात का भुईवर बसायला? आणि त्यांनी ठोकलेली फळी तू काढणार?’ सर्जेराव अगदी हळू, जो त्यांनी पूर्वी कधी लाविला नव्हता त्या स्वरात म्हणाले, ‘आई, मला गाडी आशी मेलेली बघवत न्हवती. बाबांची होती. मला वाटलं, नुसती चालू केली तर जुनीच ऱ्हाईल, अशी केली तर लोक वळून बघतील. तुला बघतील. जरा मान लवव. सात कोस तर हाय.’

हे ऐकून आईसाहेबांच्या मनी काय आले ते लिहिणे प्राप्त. आले ते ऐसे की, पोर खोटे बोलत नाही. आणि आले ते ऐसे की, पेठेतून जाताना मासळीवाल्या पाहतील, सरबतवाला पाहील, आणि पाहतील ते काय, तर हौसाबाई चोरी करून धरिल्यासारखी मान खाली घालून चालली आहे. सव्वीस वर्षे ज्या मानेवर पेठ चालविली ती मान. त्या म्हणाल्या, ‘उद्या बघू’, आणि डबा घेऊन आत गेल्या. सर्जेरावांनी इंजिन बंद केले. ती शांतता चार वर्षांच्या शांततेहून वाईट होती, कारण आता गाडी चालत होती.

दुसरे दिवशी सूनबाईंनी पुसले, ‘जायाचं का?’ आईसाहेब म्हणाल्या, ‘उद्या.’ तिसरे दिवशी पोळ्या खराब जाहल्या त्या गुरांस घातल्या, आणि आईसाहेबांनी नव्या केल्या, आणि कोणी काही पुसले नाही. सर्जेराव फडक्याने गाडी पुशीत राहिले; एकच जागा पुन्हा पुन्हा पुशीत, वरची, जेथे जोड दिला होता. जेवणास हाक गेली तरी आले नाहीत, आणि ‘आलो’ असेही म्हणाले नाहीत.

माघी पौर्णिमेस सकाळी मोबाइल वाजला. सूनबाईंनी कानास लाविला आणि त्यांचा चेहरा पाहून आईसाहेबांनी हात पुढे केला. पलीकडे ताराक्कांचा थोरला मुलगा. म्हणाला, ‘मावशी, आई पहाटे गेली. त्रास न्हाई झाला. काल सांजच्याला तेवढं म्हणाली, मला दाराकडं तोंड करून निजवा.’ आईसाहेबांनी ‘बरं’ म्हटले. पुन्हा ‘बरं’ म्हटले. मोबाइल बंद जाहल्यावरही तो कानाशीच धरून राहिल्या, आणि सूनबाईंनी तो हळूच काढून घेतला. रडणे जाहले नाही. त्या न्हाणीत गेल्या, डोईवर पाणी घेतले, आणि बाहेर आल्या तेव्हा अंबाडा नव्हता, केस पाठीवर मोकळे होते, अंगावर रोजचे पातळ होते, आणि त्या ओट्यावरून उतरून सरळ गाडीकडे गेल्या. सर्जेरावांस कोणी सांगितले नव्हते, परंतु ते पाहूनच समजले, आणि हातातील फडके खाली पडले. त्यांनी दार उघडले. आईसाहेब वाकून आत गेल्या, आणि त्या उंच जागेवर, फळीवर, गादीवर बसल्या, हनुवटी छातीस लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. या खेपेस डोके कोठेही लागले नाही. सूनबाईंनी फाटक उघडले. सर्जेराव चाकामागे बसले आणि त्यांनी इंजिन चालू केले, परंतु गिअर पडेना. लाटण्याच्या दांड्यावर हात तसाच ठेवून ते म्हणू लागले, ‘आई, मी... आई, मला वाटलं...’ आणि पुढचे बोलणे रडण्यात बुडाले.

एकूण मजकूर इतकाच की, मृत गाडी जिवंत जाहली, कारागिरीस तोड नाही, हुकूम दिला तो स्पष्ट होता आणि बजाविला तो तंतोतंत, आणि तरी कोणाचेच काही हाती आले नाही. शब्द एक होता, दोघांनी दोहोंकडून धरिला, आणि मधल्या मध्ये तिसरीचा जीव वाट पाहून गेला. दोष कोणाचा हे ठरविणे आईसाहेबांच्या दरबारचे काम, आणि त्यांनी ते तेथेच, चालू इंजिनाच्या आवाजात, मान वर न करिता केले. म्हणाल्या:

‘रडू नगंस, सर्जा. काम चोख केलंस. आजच्या दिवसाला आणखी दोन इंच उतरवला असतास, तरी मला चाललं असतं. हाण गाडी.’